मरिना खान की साहिरा काझमी? जुन्या पाकिस्तानी मालिकांची सुरुवात कुठून करावी

आजच्या नव्हे, पीटीव्हीच्या, म्हणजे पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीच्या जमान्यातल्या मालिका बघायच्या असं ठरवलं की दोन बायकांची नावं हमखास पुढे येतात. मरिना खान आणि साहिरा काझमी. दोघींच्या नावापुढे 'अभिनेत्री आणि दिग्दर्शिका' असंच लिहिलेलं असतं आणि नवखा प्रेक्षक तिथेच गोंधळतो. दोघी एकाच पठडीतल्या असतील तर कुठूनही सुरुवात केली तरी काय बिघडलं, असं वाटतं. पण बिघडतं. मरिना खानची ओळख तिने दिग्दर्शित केलेल्या मालिकेतून करून घेतलीत, तर लोक या बाईवर एवढे फिदा का आहेत ते कळणारच नाही. साहिरा काझमींची ओळख त्यांच्या अभिनयातून झाली, तर एक चांगली नटी पाहिल्याचं समाधान मिळेल आणि असली माल हातचा जाईल.

माझं मत आधीच सांगून टाकते. मरिना कॅमेऱ्यापुढे बघावी, साहिरा कॅमेऱ्यामागे. आणि दोघी आपापल्या जागी एकत्र सापडतात ती मालिका म्हणजे 1987 ची 'धूप किनारे'. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबून ती लावावी. बाकीच्यांसाठी पुढचं.

मरिनाचा जन्म 1962 चा, पेशावरचा. वडील पाकिस्तानी हवाई दलात, आई इंग्रज. उर्दू नाटकं किंवा रेडिओवरून टीव्हीत आलेल्या त्या काळच्या नटनट्यांची शुद्ध, घोटीव वाणी तिच्याकडे नव्हती आणि तेच तिच्या पथ्यावर पडलं. शहजाद खलील दिग्दर्शित 'तनहाइयाँ' 1985 च्या सुमारास आली. लेखिका हसीना मोईन. आईवडील अपघातात जातात, घर कर्जापायी हातचं जातं आणि दोन बहिणी मावशीकडे राहायला येतात. थोरली झारा (शहनाज शेख) बापाचं घर परत विकत घेण्याच्या हट्टाला पेटते. धाकटी सानिया म्हणजे मरिना. कागदावर ही दुय्यम भूमिका आहे. गोष्ट झाराची, दुःख झाराचं, प्रेमही झाराचंच. पण सानिया खोलीत शिरली की नजर तिच्याकडे जाते. ती भराभर बोलते, वाक्य अर्ध्यावर सोडते, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत हसते. बहरोज सब्जवारीच्या कबाचाशी तिची चाललेली चकमक बघा. दोघांनाही आपण विनोद करतोय याची खबर नसल्यासारखं ते भांडतात. त्याच वर्षांत आपल्याकडे दूरदर्शनवर 'हम लोग' आणि 'बुनियाद' चालू होत्या. त्यातल्या मुली आठवून पाहा आणि मग सानियाला बघा, म्हणजे फरक लक्षात येईल.

साहिरा काझमींचा रस्ता निराळा आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईत आहे. 1949 च्या 'दिल्लगी'त सुरैय्याबरोबर दिसणारा देखणा श्याम हे त्यांचे वडील. उर्दू कथाकार मंटोचा जिवलग दोस्त तो हाच. 1951 मध्ये 'शबिस्तान'च्या चित्रीकरणात घोड्यावरून पडून तो गेला, तेव्हा साहिरा जेमतेम वर्षाच्या होत्या. आई पुढे पाकिस्तानात गेली आणि मुलगी तिथे वाढली. सत्तरच्या दशकात त्या पीटीव्हीवर नायिका म्हणून आल्या. 'परछाइयाँ' (1976) ही हेन्री जेम्सच्या कादंबरीवरून हसीना मोईन यांनी लिहिलेली मालिका, 'तीसरा किनारा' ही आयन रँडच्या 'फाउंटनहेड'वर बेतलेली. या दोन्हींत त्यांचे पती राहत काझमी सोबत आहेत. साहिरांचा अभिनय संयत, थोडा दूरस्थ. मला तो आवडतो, पण कुणाला पहिल्याच फटक्यात 'बघच' म्हणून सांगावं असा तो नाही. त्या काळच्या स्टुडिओतल्या मालिका आज फार संथ वाटतात, हेही आहेच.

पुढे त्या दिग्दर्शनाकडे वळल्या आणि त्यांचं खरं काम तिथून सुरू झालं.

'धूप किनारे' कराचीतल्या एका हॉस्पिटलात घडते. डॉ. झोया अली खान नुकतीच डॉक्टरकीला लागलेली, बडबडी, विसराळू. तिचे वरिष्ठ डॉ. अहमर अन्सारी कडक, एकलकोंडे आणि वयाने बरेच मोठे. झोया म्हणजे मरिना, अहमर म्हणजे राहत काझमी, लेखणी पुन्हा हसीना मोईन यांची आणि दिग्दर्शन साहिरांचं. म्हणजे बायको कॅमेऱ्यामागे उभी राहून नवऱ्याला दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडायला लावतेय. त्या सेटवर हसाहशी किती झाली असेल याचा विचार माझ्या मनात दर भागाला येतो.

आता काळ लक्षात घ्या. लष्करशहा झिया उल हक यांची राजवट होती आणि वाहिनी एकच, तीही सरकारी. बायकांच्या डोक्यावर पदर हवा की नको यावर फतवे निघत होते. पडद्यावर बाई-पुरुषांनी एकमेकांना हात लावायचा नाही. अशा वेळी प्रेमकथा करायची म्हणजे दिग्दर्शकाकडे उरतं काय? बोलणं, गप्प बसणं आणि माणसाला खोलीत कुठे उभं करायचं ते. साहिरांनी या तिन्हींचा असा वापर केलाय की आपल्याला काही कमी पडल्यासारखं वाटतच नाही. अहमर झोयाला रागावतो तेव्हा बहुतेक वेळा दोघांच्या मध्ये टेबल असतं, नाहीतर दार, नाहीतर तिसरा माणूस. झोया मान खाली घालून ऐकते आणि तो वळला की तिचा चेहरा बदलतो. कॅमेरा त्या चेहऱ्यावर एखादा क्षण जास्त रेंगाळतो. बस, तेवढंच. मरिनाच्या अंगात जी चुळबुळ आहे तिला साहिरांनी लगाम घातला नाही, फक्त तिच्यासमोर एक दगडासारखा शांत माणूस आणून बसवला. 'तनहाइयाँ'त मरिना आवडते, 'धूप किनारे'त ती कळते. मालिकेचं नाव उर्दू कवी फैजच्या ओळीतलं आणि गायिका नय्यरा नूर यांच्या आवाजात फैज ऐकू येतो. त्यासाठी एक रात्र वेगळी काढावी लागली तरी काढा.

एक गोष्ट मात्र आज खटकेल आणि ती खटकायलाच हवी. वरिष्ठ सगळ्यांसमोर मुलीला झापतो आणि त्यातून प्रेम फुलतं, हा मामला 1987 मध्ये गोड वाटला असेल. आजच्या एखाद्या रेसिडेंट डॉक्टरला तो तितका गोड वाटणार नाही. साहिरांना हे अगदीच जाणवलं नसावं असं मला वाटत नाही. झोयाच्या मैत्रिणी तिची बाजू घेतात, आणि राग काढून झाल्यावर अहमर किती एकटा पडतो हेही दिसतं. तरी डोळ्यावर येतंच.

यानंतर दोघींच्या वाटा फुटतात आणि निवड करणाऱ्याने खरं इथे लक्ष द्यायचं.

साहिरांनी 1990 मध्ये 'रोझी' नावाची टेलिफिल्म केली. लेखक इम्रान अस्लम, मूळ धागा हॉलिवूडच्या 'टूटसी'चा. काम मिळत नाही म्हणून एक नट बाईचं सोंग घेतो आणि त्या सोंगात त्याला यश मिळतं. नट मोईन अख्तर. साडी नेसलेल्या पुरुषाचे विनोद मराठी रंगभूमीला नवे नाहीत आणि त्यातले निम्मे आवाज चिरकवण्यावर नि कंबर हलवण्यावर चालतात हेही आपल्याला ठाऊक आहे. मोईन अख्तर त्यातलं काही करत नाहीत. आवाज थोडा मऊ, चाल थोडी आखडती, बस. साहिराही त्यांना हसण्यावारी नेत नाहीत. कामाच्या ठिकाणी बाईकडे पुरुष कसे बघतात ते रोझीला सोसावं लागतं आणि मग बघणाऱ्याचं हसू हळूहळू अवघडत जातं. एकाच बैठकीत काय बघू, असं विचाराल तर उत्तर 'रोझी'. मालिका नाही, तेरा भागांची बांधिलकी नाही.

त्यानंतरच्या 'आहट' (1991) आणि 'निजात' (1993) या दोन मालिका वेगळ्याच जातीच्या. कुटुंबनियोजनाचा संदेश पोचवण्यासाठी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या साहाय्याने त्या बनल्या. 'आहट' हसीना मोईन यांनी लिहिलेली, सानिया सईद मुख्य भूमिकेत. मुलगा हवा म्हणून एकापाठोपाठ एक बाळंतपणं सोसणारी बाई हा विषय. सरकारी प्रचाराची नाटुकली कशी असतात ते आपण दूरदर्शनवर पाहिलंय, त्यामुळे मी धास्तीनेच बघायला बसले होते. प्रचार आहेच, लपवलेलाही नाही. पण सानिया सईदचा थकलेला चेहरा त्या प्रचाराच्या पुष्कळ पुढे जातो. 'निजात' त्यामानाने पसरट आहे. मरिना खान तिच्यातही आहे, तेव्हा तिचे चाहते बघतीलच.

आता दिग्दर्शक मरिना. तिने केलेल्या कामांपैकी दोन मालिका आजच्या प्रेक्षकाच्या सहज कानावर पडतील. पहिली 2012 ची 'तनहाइयाँ: नये सिलसिले', म्हणजे त्या जुन्या मालिकेचा पुढचा भाग. मरिना, बहरोज सब्जवारी, बदर खलील, आसिफ रझा मीर ही जुनी मंडळी परत आली, शहनाज शेख मात्र नाहीत. सोबत सायरा युसुफ, शहरयार मुनव्वर अशी तेव्हाची नवी पोरं. हेतू चांगला, जिव्हाळाही खरा, पण पंचवीस वर्षांनी जुन्या घराला नवा रंग दिला की भिंतींच्या भेगाच आधी दिसतात, तसं झालंय. सानिया आणि कबाचाचे प्रसंग तेवढे गोड आहेत. मूळ मालिका पाहिली नसेल तर हिच्या वाटेला जाऊच नका, पाहिली असेल तरी जपून.

दुसरी 'परदेस', 2021 ची, एआरवाय डिजिटलवरची. ही मात्र दिग्दर्शक म्हणून मरिनाचं बरंच चांगलं काम. नवरा (सरमद खूसट) कमवायला परदेशी, बायको (शाइस्ता लोधी) मुलांसह सासरी, आणि तो पाठवतो त्या पैशांवर सगळ्या घराचा डोळा. खेड, चिपळूण, महाडकडच्या ज्या घरांतले पुरुष वर्षानुवर्षं आखातात आहेत, त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. सामानाची बॅग उघडते आणि कुणाला काय आणलं यावरून चेहरे पडतात, तसे प्रसंग मरिना फार बारकाईने घेते. गोष्ट पुढच्या पिढीकडे, दुर्रेफिशान सलीम आणि अफ्फान वहीदच्या जोडीकडे सरकते तशी पकड सुटते. हल्लीच्या मालिकांचं जे दुखणं तेच हिचंही, वाहिनीला भाग हवे असतात. पीटीव्हीच्या काळी तेरा-चौदा भागांत गोष्ट आवरावी लागे. त्या शिस्तीचा साहिरांना किती फायदा झाला असेल हे 'परदेस' बघताना फार जाणवतं, आणि म्हणूनच दोघींच्या दिग्दर्शनाची सरळ तुलना मरिनावर थोडी अन्याय करणारी आहे.

नटी म्हणून मरिना उतारवयातही मुरलेली आहे. मेहरीन जब्बार दिग्दर्शित 'जॅक्सन हाइट्स' (2014) ही न्यूयॉर्कमधल्या त्याच नावाच्या वस्तीतल्या पाकिस्तानी माणसांची मालिका. नोमान एजाज त्यात टॅक्सीवाला आहे आणि मरिनाही महत्त्वाच्या भूमिकेत आहे. जर्सी सिटी-एडिसनच्या मराठी वाचकांना ती गल्ली ओळखीची वाटेल.

भाषेचं म्हणाल तर हसीना मोईन यांची उर्दू घरगुती आहे. हिंदी सिनेमा कळतो त्याला ती कळते, काही शब्द अडले तरी गाडी अडत नाही. अडचण भाषेची नाही, मिळण्याची आहे. मे 2025 पासून पाकिस्तानी वाहिन्यांची बरीच यूट्यूब चॅनेलं भारतात बंद आहेत आणि ओटीटींनाही पाकिस्तानी कार्यक्रम उतरवायला सांगितलं गेलं. दुबई, लंडन, टोरांटोत राहणाऱ्यांना ही अडचण नाही. इथे बसून काय दिसतं आणि काय नाही, ते बघायच्या आधी तपासून घ्या.

मूळ मालिका मिळालीच नाही तर 'कुछ तो लोग कहेंगे' हा पर्याय कुणीतरी सुचवेल. 'धूप किनारे'वरून केलेली ही मालिका 2011 ते 2013 सोनीवर चालली, कराचीची लखनौ झाली. डॉक्टर आधी मोहनीश बहल, म्हणजे आपल्या नूतनचा मुलगा, नंतर शरद केळकर. झोयाच्या जागी कृतिका कामरा. सुरुवातीचे भाग खरंच बरे आहेत आणि कृतिकाने मरिनाची नक्कल करायचं टाळलंय याबद्दल तिला मार्क द्यायला हवेत. पण साहिरांनी जे चौदाएक भागांत संपवलं ते इथे तीनशेहून जास्त भाग चाललंय. लग्नानंतर बंद करा.