बेलग्रेडमधील हवामान-इतिहासाचा हेरिटेज वॉक : अनुभव आणि अभिप्राय

पुण्याच्या वेधशाळेत, म्हणजे जुन्या पुणेकरांच्या भाषेत शिमला ऑफिसात, माझी सगळी नोकरी रोजच्या नोंदी घेण्यात आणि तपासण्यात गेली. त्यामुळे व्हिएन्नाला मुलीकडे गेले असताना, सर्बियाची राजधानी बेलग्रेडमध्ये, तिथले एकोणिसाव्या शतकातले हवामान-निरीक्षक व संख्याशास्त्रज्ञ व्लादिमिर याक्शिच यांच्या कामाभोवती बेतलेला अर्ध्या दिवसाचा हेरिटेज वॉक असतो असे कळले, तेव्हा चार दिवस काढून आम्ही दोघे तिकडे गेलो. हवामान किंवा आकडेवारी या विषयांची ज्यांना मनापासून आवड आहे त्यांनी हा वॉक जरूर करावा, असे माझे मत आहे. मात्र त्यातली एक उणीव मला फार खटकली आणि तिच्याबद्दलही पुढे लिहिते.

सुरुवात सेन्याक या टेकडीवजा भागातून होते. 1824 साली क्रागुयेवात्स येथे जन्मलेले आणि व्हिएन्ना, ट्युबिंगेन व हायडेलबर्ग येथे शिकून आलेले याक्शिच यांनी 1848 च्या जानेवारीत बेलग्रेडमध्ये हवामानाची नियमित निरीक्षणे सुरू केली, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते आणि त्यांच्या पाठीशी कोणतेही हवामान खाते नव्हते. सर्बिया तेव्हा ऑटोमन सुलतानाच्या अधिसत्तेखालील स्वायत्त संस्थान होते व बेलग्रेडच्या किल्ल्यात तुर्की शिबंदी होती. आमच्या तरुण मार्गदर्शिकेने हा काळ घाईने उरकला नाही, याचे मला विशेष वाटले. सर्बियात 1919 पर्यंत जुने ज्युलियन कॅलेंडर चालत असल्यामुळे एकोणिसाव्या शतकातली कोणतीही नोंद वाचताना तारीख कोणत्या पद्धतीची आहे हे आधी पाहावे लागते, कारण दोन्हींत बारा दिवसांचा फरक पडतो, हेही तिने आपणहून सांगितले. जुन्या नोंदवह्या ज्याने हाताळल्या आहेत त्यालाच अशी गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते.

याक्शिच यांचे मोठेपण बेलग्रेडमधल्या एका तापमापकापुरते नाही. 1857 पर्यंत त्यांनी देशभर सत्तावीस हवामान-निरीक्षण केंद्रांचे जाळे उभे केले आणि ते त्या काळातल्या जगातल्या सर्वांत दाट जाळ्यांपैकी एक मानले जाते. मी तिथेच बाकावर बसून हिशोब मांडला. त्या वेळचा सर्बिया साधारण अडतीस हजार चौरस किलोमीटरचा धरला, तर दर चौदाशे चौरस किलोमीटरमागे एक केंद्र येते. त्या प्रमाणात आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात अकरा केंद्रे बसतील. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून हवामानाच्या नोंदी आहेत, म्हणून आम्हा मंडळींना बेलग्रेडचे 1848 हे साल फार जुने वाटत नाही, पण रेल्वे नसलेल्या देशात नवव्या वर्षापर्यंत सत्तावीस ठिकाणी एका पद्धतीने नोंदी होऊ लागणे ही फार मोठी गोष्ट आहे. चार केंद्रांच्या नोंदी एका वेळेवर आणि एका साच्यात आणताना किती पत्रे लिहावी लागतात, हे मी स्वतः अनुभवले आहे.

तेथून वाहनाने शहराच्या व्राचार या भागातल्या हवामान वेधशाळेकडे नेतात. कारादजोर्जे उद्यानाच्या शेजारची ही वेधशाळा याक्शिच यांची नव्हे, तर खगोलशास्त्रज्ञ मिलान नेडेल्कोविच यांनी 1887 मध्ये स्थापन केलेली आहे आणि सध्याच्या इमारतीत ती 1891 पासून आहे. त्या दिवशी आमच्या गटाला आवारात जाण्याची परवानगी मिळाली होती. शहराचे 43.6 अंशांचे उच्चांकी तापमान 24 जुलै 2007 रोजी येथेच नोंदले गेले. इथला अर्धा तास मला सगळ्यात जास्त आवडला. मार्गदर्शिकेने पिशवीतून, हवेतील आर्द्रता मोजण्यासाठी वापरतात ती कोरड्या आणि ओल्या फुग्याच्या तापमापकांची जोडी काढली, मलमलीची वात पाण्यात बुडवून फुग्याला गुंडाळली आणि पारा खाली सरकून स्थिर होईपर्यंत कोणालाही बोलू दिले नाही. मग तिथल्या निरीक्षणाच्या वेळा समजावल्या: सकाळी 7, दुपारी 2 आणि रात्री 9. दिवसाची सरासरी काढताना रात्रीचे वाचन दोनदा धरून बेरजेला चाराने भागतात. समजा 18, 30 आणि 23 अंश असतील, तर 18, 30, 23 आणि पुन्हा 23 यांची बेरीज 94, म्हणजे सरासरी 23.5. आपल्याकडे कमाल आणि किमान यांच्या बेरजेला दोनाने भागण्याची सवय असल्यामुळे गटातल्या आम्हा दोघांना हे गणित करताना शाळेतल्यासारखा आनंद झाला.

आता उणीव. वॉकच्या नावात हवामानाइतकाच सांख्यिकीचाही उल्लेख असताना तो भाग शेवटच्या दहा मिनिटांत गुंडाळला गेला. याक्शिच लायसियममध्ये, म्हणजे तिथल्या उच्च शिक्षणाच्या संस्थेत, अर्थशास्त्रीय विषय शिकवत, 1862 मध्ये वित्त मंत्रालयात सुरू झालेल्या सांख्यिकी विभागाची धुरा त्यांनी वाहिली आणि ‘द्र्झावोपिस स्र्बिये’ ही खंडमाला चालवली. द्र्झावोपिस म्हणजे शब्दशः राज्यवर्णन. लोकसंख्या, शेती, व्यापार आणि हवामान हे सगळे त्यांना एकाच वर्णनाचे भाग वाटत होते. पाऊस मोजणारा माणूस आणि माणसे मोजणारा माणूस एकच का, याचे उत्तर त्या शब्दात आहे. नेमके तेच सांगायचे राहून जात असेल, तर याक्शिच यांची अर्धीच ओळख होते. हाती दिलेल्या माहितीपत्रकातही मासिक तापमानांच्या तक्त्याखाली निरीक्षणाच्या वेळा दिलेल्या नव्हत्या, आणि वेळ नसलेले वाचन निरीक्षकाच्या दृष्टीने अपुरे असते. मी हे आयोजकांना ईमेलने कळवले. त्यांनी पुढच्या छपाईत दुरुस्ती करू असे उत्तर दिले.

व्यवस्थेबद्दल तक्रार नाही. गट आठ जणांचा होता, इंग्रजी स्पष्ट होते, गुडघेदुखी असलेल्या माझ्या यजमानांसाठी वाटेत दोनदा बसण्याची सोय केली गेली. शुल्क तिथल्या साध्या उपाहारगृहातल्या दोन माणसांच्या जेवणाइतके आहे. सेन्याकला चढ आहे, तेव्हा चांगले बूट हवेत, आणि आवारात जाण्याची परवानगी रोज मिळत नसल्यामुळे आधी विचारूनच दिवस ठरवावा.