विंडोज ११ होम : अपडेटची वेळ ठरवायची सोय घरच्या पीसीला कितपत कामाची?

अपडेट कायमचं बंद कसं करायचं असे व्हिडिओ बघून लोक खरंच सर्व्हिसेसमध्ये जाऊन ते डिसेबल करून ठेवतात आणि दोन-दोन वर्षं तसंच वापरतात, मला ते बघवत नाही. म्हणून विंडोज ११ होममध्ये, म्हणजे घरच्या पीसीवर येणाऱ्या साध्या आवृत्तीत, अपडेटची वेळ सांभाळायची जी सोय आहे तिच्याबद्दल नीट लिहितेय. माझ्या मते सोय चांगली आहे, फक्त ती आपल्या घरातल्या सवयी बघून लावावी लागते, आहे तशी ठेवून भागत नाही.

अपडेट घ्यायचंच का, तर वॉनाक्राय नावाचा व्हायरस आठवा. मे २०१७ मध्ये जगभरातल्या मशीनच्या फायली लॉक करून पैसे मागत होता तो, आणि ज्या भोकातून तो आत शिरत होता ते बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी आलेला होता. कुणी लगेच जुलै २०२४ चं उदाहरण देतं, विमानतळांवर निळे स्क्रीन आले होते ते, पण ते विंडोज अपडेटमुळे नव्हतं, क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरची फाईल चुकीची गेली होती आणि ते सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मशीनवर असतं, आपल्या घरी नाही.

आता वेळेचं. महिन्याचं मुख्य सिक्युरिटी अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा किंवा त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. तेव्हा आपल्यासाठी अपडेटचा वार बुधवार धरा. एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवलं तरी अर्धं काम झालं, कारण मग अचानक आलं असं वाटतच नाही.

सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे अॅक्टिव्ह अवर्स. या तासांत मशीन आपणहून रिस्टार्ट होत नाही. जास्तीत जास्त १८ तास देता येतात, म्हणजे सहा तास त्याच्यासाठी मोकळे सोडावेच लागतात. खरी गंमत इथेच आहे, सगळे लोक सकाळी सहा ते रात्री बारा असं टाकतात आणि रात्री झोपताना भिंतीवरचा स्विच बंद करतात (आपल्याकडे तर आई पहिलं तेच बघते, बटण बंद केलं का म्हणून), मग ते मोकळे सहा तास अपडेटच्या वाट्याला येतच नाहीत आणि रिस्टार्ट नुसता पेंडिंग पडून राहतो. तेव्हा उलटं करा. आई-बाबांच्या पीसीवर मी ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल केलं आणि संध्याकाळी पाच ते सकाळी अकरा असे अॅक्टिव्ह अवर्स दिले. बाबांचं बँकेचं आणि ई-पेपरचं सकाळी आटोपतं, आईचे व्हिडिओ कॉल संध्याकाळनंतर, मधली दुपार मोकळी, दोघं जेवून आडवे होतात. फक्त बुधवारी दुपारी पीसी चालू ठेवा आणि वाय-फायचा राऊटर बंद करू नका एवढं सांगितलंय. तेव्हापासून ऐन कॉलमध्ये रिस्टार्ट ही तक्रार नाही. लाइट जाण्याचा भाग असेल तर डेस्कटॉपला यूपीएस हवाच, अपडेट अर्धवट असताना वीज गेली तर उगाच डोक्याला ताप.

तिथेच गेट मी अप टु डेट नावाचं बटण आहे, ते घरी बंदच ठेवा. ते चालू असेल तर अॅक्टिव्ह अवर्समध्येसुद्धा लवकरात लवकर रिस्टार्ट होतो, पंधरा मिनिटं आधी सूचना देतात म्हणा, पण परीक्षा देणाऱ्या पोराला पंधरा मिनिटं काय पुरणार. त्याच्या खालचं रिस्टार्टची सूचना द्या वालं मात्र चालू ठेवा. आणि मुख्य पानावरचं नवीन अपडेट आल्या आल्या मिळवा असं जे बटण आहे, त्याची घरी गरज नाही, ते बंद असलं तरी सिक्युरिटीची अपडेट येतातच.

सबमिशन, सीईटी, ऑनलाइन इंटरव्ह्यू असं काही असेल तर पॉज वापरा, एक ते पाच आठवडे थांबवता येतं. मला हे फार आवडतं कारण ते बंद करणं नाहीये, मुदत संपली की आधी अपडेट घ्यावंच लागतं, मगच परत पॉज.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन (म्हणजे मोजका डेटा असलेलं नेट) ऑन करा, नाहीतर रोजचा दीड जीबी सकाळीच उडेल. पण मग महिन्यातून एकदा तरी कुणाच्या ब्रॉडबँडवर नेऊन अपडेट करून आणा, हे विसरलं की पुन्हा पहिले पाढे. घरात दोन पीसी असतील तर डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये लोकल नेटवर्कचा पर्याय निवडा, एकाने उतरवलेलं दुसऱ्याला मिळतं, नेट वाचतं.

एक गोष्ट मला खरंच खटकते. होममध्ये आपण फक्त कधी नको ते सांगू शकतो, दर बुधवारी दुपारी दोनला इन्स्टॉल कर असं सरळ सांगता येत नाही. अपडेट उतरल्यावर त्या एका रिस्टार्टचा दिवस आणि वेळ निवडता येते, पण ती तेवढ्यापुरती, पुढच्या महिन्यात परत निवडा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नावाच्या सेटिंगमध्ये वार आणि वेळ दोन्ही कायमचं ठरवता येतं, म्हणजे जमत नाही असं नाही. ज्या घरांत कॉम्प्युटरमधलं कळणारं माणूस गावाला नाही, पुण्यात नाहीतर परदेशात आहे, त्या घरांना वार-वेळ ठरवायच्या या एका चौकटीची ऑफिसपेक्षा जास्त गरज आहे आणि ती होममध्ये द्यायलाच हवी.