सरांच्या नावाची शिष्यवृत्ती: गोल मोजत नाहीत, हे उत्तम

शाळेत गणित आणि मैदानावर फुटबॉल शिकवणाऱ्या सरांच्या स्मरणार्थ ही शिष्यवृत्ती देतात. यंदा आमच्या लेकीला मिळाली. अर्जात गोल किती केले हा रकानाच नाही! त्याऐवजी, बाकावर बसून काय शिकलात यावर पानभर लिहायचं. लेक राखीव गोलरक्षक. तिने पानाच्या दोन्ही बाजू भरल्या. शिफारसपत्रही प्रशिक्षकाचं नको, वर्गशिक्षकाचं हवं. मुलाखत सरांच्या माजी विद्यार्थ्यांनी घेतली, त्यात अर्धा वेळ सरांच्या ओरडण्याचेच किस्से. मूळ निधीला हात न लावता फक्त व्याजातून देतात, म्हणून रक्कम बेताचीच. तीही थेट फीमध्ये वळती होते. बूट, प्रवास आपल्या खिशातून. निकाल मात्र फारच रेंगाळतो, तोवर फीची मुदत उलटते. तेवढं सुधारा बुवा.