पॅडल : परदेशी गिऱ्हाईक असेल तरच

गंगापूर रोडवरच्या घरात बसून युरोप-अमेरिकेला सॉफ्टवेअर विकणाऱ्याला पॅडल ही ऑनलाइन पेमेंट सेवा सोयीची आहे. कागदोपत्री विक्रेता पॅडलच असतो, म्हणून तिकडचा व्हॅट, सेल्स टॅक्स गोळा करून भरणं त्यांच्या गळ्यात. २० देशांचे कर स्वतः सांभाळून बघा, मग दराची किंमत कळते.

दर : प्रत्येक व्यवहारावर ५ टक्के अधिक ५० सेंट. खरी मेख त्या ५० सेंटमध्ये. ४९ डॉलरच्या विक्रीवर २.९५ डॉलर जातात, म्हणजे ६ टक्के. ९ डॉलरवर ९५ सेंट, म्हणजे साडेदहा टक्के! स्वस्त मासिक वर्गणीऐवजी वार्षिक वर्गणी पुढे करा. ५० सेंटचा कट वर्षातून एकदाच बसतो.

इथली कागदपत्रं मात्र तुमचीच. जीएसटी नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षासाठी जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ फॉर्म भरून एलयूटी (कर आधी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) घ्या. ते ३१ मार्चला संपतं, आणि एप्रिलमध्ये नवं घ्यायचं हमखास विसरलं जातं. मग १८ टक्के आयजीएसटी आधी भरून परताव्यामागे लागायचं. बँकेत पैसे आले की पर्पज कोड (परदेशातून पैसे कशाचे आले ते सांगणारा कोड) तपासा : सॉफ्टवेअर सल्लासेवेचा पी०८०२ वेगळा, तयार सॉफ्टवेअरच्या विक्रीचा वेगळा. परकीय रक्कम आल्याची पावती दर वेळी मागून ठेवा.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांना ४९९ रुपयांचं ॲप विकायचंय? मग पॅडल कशाला! साधा देशी पेमेंट गेटवे आणि यूपीआय पुरे.