दाविंची रिझॉल्व्ह (मोफत आवृत्ती): जुन्या कॅसेटींची फिल्म कापायला कसं आहे?

व्हीएचएस आणि मिनीडीव्ही कॅसेटींवरची लग्नं, बारशी, सहली संगणकावर उतरवून झाल्या असतील आणि त्यांतून चार-पाच मिनिटांची फिल्म कापायला शिकायचं असेल, तर ब्लॅकमॅजिक डिझाइनचं हे सॉफ्टवेअर बिनधास्त घ्या. मोफत आवृत्तीला मुदत नाही, फिल्मवर वॉटरमार्क येत नाही, ४के आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट होतं.

खरी अडचण इंटरलेसिंगची. आपल्याकडचे जुने कॅमेरे पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीचे: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डची. त्या दोहोंत १/५० सेकंदाचं अंतर असतं, म्हणून फुगडी घालणाऱ्यांच्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. ते नीट घालवणारं डीइंटरलेसिंग विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. त्यामुळे क्लिप आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून काढा: फिल्टर्समध्ये यादिफ (डीइंटरलेस करणारा फिल्टर) आणि प्रीसेट बॉब, फ्रेमरेट ५० व कॉन्स्टंट, क्वालिटी आरएफ १६ ते १८, क्रॉपिंग बंद. बॉबमुळे प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम होते आणि हालचालीचा मूळ ओघ टिकतो. साधं २५ फ्रेमचं डीइंटरलेस केलं तर तो निम्मा हरवतो. जादा फायली टाळायच्या नादात ही पायरी गाळू नका.

मग रिझॉल्व्हमध्ये क्लिप आणण्याआधीच प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमलाइन फ्रेमरेट ५० ठेवा. क्लिप आत आल्या की तो बदलता येत नाही, आणि नवशिके इथेच अडकतात. चेहरे उभट दिसले तर क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये पिक्सेल अॅस्पेक्ट ४:३ करा. व्हीएचएसच्या तळाशी थरथरणारी पट्टी असते, ती इन्स्पेक्टरमधून क्रॉप करा.

जुन्या चित्रीकरणासाठी कट पेजवरचा सोर्स टेप अप्रतिम आहे. बिनमधल्या (क्लिपांच्या फोल्डरमधल्या) सगळ्या क्लिप एका लांब टेपसारख्या दिसतात. जे-के-एल कळांनी पुढेमागे जा, आय ने तुकड्याची सुरुवात आणि ओ ने शेवट खूण करून तो उचला. तासभराच्या रटाळ फुटेजमधून हसणारा एक चेहरा शोधायला याहून सोपी सोय नाही.

गाण्यावर कापताना हिशेब करा. १०० बीपीएमचं (मिनिटाला १०० ठोक्यांचं) गाणं असेल तर ५० फ्रेमच्या टाइमलाइनवर एक ठोका ३० फ्रेमचा, चार ठोके १२०. पण माणसांचं बोलणं चालू असेल तिथे ठोका सोडा, वाक्य पुरं होऊ द्या आणि गाणं १८ ते २० डेसिबल खाली घ्या. आजीचा आवाज गाण्याखाली दडपणं ही अशा फिल्मांतली सगळ्यात वाईट चूक. विजेची घरघर ५० हर्ट्झवर असते, रिझॉल्व्हमधल्या फेअरलाइट या आवाजाच्या पेजवर ईक्यूमध्ये ८० हर्ट्झचा हायपास (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) लावला की बरीच जाते.

१६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्लेबॅक अडखळतो. टाइमलाइन प्रॉक्सी (प्लेबॅकपुरतं रिझोल्यूशन) निम्म्यावर आणा. लिनक्सवर मोफत आवृत्ती एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ उघडत नाही. अंधारातल्या दाण्यावरचं नॉइज रिडक्शन फक्त स्टुडिओत आहे. ती २९५ डॉलरला एकदाच घ्यावी लागते, पण दिवसाउजेडी चित्रीकरण असेल तर तिची गरज नाही.