सेंटरलॉक हबवर सहा बोल्टची डिस्क: आठ महिन्यांचा अनुभव

मार्चमध्ये एमटीबीसाठी (डोंगरात चालवायची सायकल) वापरलेली चाकांची जोडी घेतली. रिम सरळ, बेअरिंग गुळगुळीत फिरणारं, किंमतही पटली. घरी येऊन ब्रेकच्या डिस्क लावायला बसलो तेव्हा लक्षात आलं, हब (चाकाचा मधला भाग) सेंटरलॉकचे आणि माझ्या दोन्ही डिस्क सहा बोल्टच्या.

सहा बोल्टच्या हबला ४४ मिलिमीटरच्या वर्तुळात आट्यांची सहा भोकं असतात, टी-२५च्या (ताऱ्याच्या आकाराच्या) पान्याने डिस्क थेट त्यावर आवळायची. सेंटरलॉक ही शिमानोची पद्धत. हबच्या खाचांवर डिस्क सरकवायची आणि वरून एकच लॉकरिंग (आवळायची कडी), तीही ४० न्यूटन-मीटर इतक्या जोराने. अशा हबवर सहा बोल्टची डिस्क अडॅप्टर (मधला जोड) लावून बसते. उलट जोडणीच्या, म्हणजे सहा बोल्टच्या हबवर सेंटरलॉकची डिस्क बसवण्याच्या, नादाला लागू नका.

मी दोन्ही चाकांना अडॅप्टर लावले. उन्हाळाभर तक्रार नव्हती. जूनमध्ये साताऱ्याजवळच्या कासवरून खाली येताना यवतेश्वर घाटात पुढचा ब्रेक दाबला की 'टक्' असा आवाज यायला लागला. आधी हेडसेटवर (हँडल जिथे फिरतं तिथली बेअरिंग) संशय घेतला, तो आवळला, आवाज तसाच. मग घरी पुढचा ब्रेक दाबून धरला, सायकल पुढे-मागे हलवली आणि डिस्क अडॅप्टरला टेकते तिथे बोट ठेवलं. केसभर हालचाल बोटाला स्पष्ट जाणवत होती! अडॅप्टरच्या खुंट्या आणि डिस्कची भोकं यांत किंचित जागा होती, त्यात लॉकरिंगही सैल झालेली. टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणारा पाना) आवळून घेतली, तीन आठवड्यांत पुन्हा तेच. घाटउतारावर पुढच्या ब्रेकबद्दल मनात शंका असेल तर त्या सायकलवर बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

जुलैमध्ये पुढे सरळ १८० मिलिमीटरची सेंटरलॉक डिस्क घेतली. आधीची १६०ची होती, त्यामुळे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) वर उचलणारा ब्रॅकेटही लागला. मोठी डिस्क घेण्याआधी आपला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) किती मापापर्यंत चालतो ते बघून घ्या. एक दिवस मात्र लॉकरिंगपायी गेला. माझा पुढचा ॲक्सल १५ मिलिमीटरचा, त्याला बाहेरून खाचा असलेली रिंग लागते आणि ती बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या ॲक्सलच्या) पान्याने आवळतात. मी कॅसेटच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या) पान्याची, आतून दात असलेली रिंग आणली होती.

जुन्या डिस्कवर 'फक्त रेझिन पॅड' (मऊ, राळेचे ब्रेक पॅड) असं कोरलेलं होतं, ते मी इतके दिवस वाचलंच नव्हतं. कासच्या पठारावर जांभ्याचा लाल चिखल पॅडवर बसतो आणि पावसात रेझिन पॅड बघता बघता झिजतात. मला मेटल पॅड हवे होते, पण ते त्या डिस्कवर चालवले तर डिस्कच लवकर संपते. नवी डिस्क दोन्हींना चालते. नवे पॅड टाकल्यावर साताऱ्यातल्या बोगद्याजवळच्या सपाट रस्त्यावर वेग घेऊन, हळूहळू दाबत वीसेक वेळा ब्रेक लावले. मगच पकड आली.

आता नोव्हेंबर आहे. नवी डिस्क १.८ मिलिमीटर जाडीची होती, परवा व्हर्नियरने मोजली तर १.७ भरली. सज्जनगड, ठोसेघर, कास सगळं करून झालं, आवाज एकदाही नाही. मागे अजून अडॅप्टरच आहे, तिथे ताण कमी पडतो म्हणून चाललंय. दर महिन्याला बोट लावून तपासतो. ती डिस्क १.५वर आली की तिथेही सेंटरलॉकच घेणार.