ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो: पिनॉक की ग्योबेल?

अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या सहा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोंचा (वाद्यमेळासाठीच्या रचनांचा), त्या काळच्या वाद्यांवर वाजवलेला, एकच संच घरी ठेवायचा म्हटले की चर्चा बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबते: ट्रेव्हर पिनॉकच्या ‘द इंग्लिश कॉन्सर्ट’चे १९८२ सालचे ध्वनिमुद्रण आणि राइनहार्ट ग्योबेलच्या ‘मुझिका आंतिक्वा क्योल्न’ने त्यानंतर चार-पाच वर्षांनी केलेले. दोन्ही आर्खीव्ह या एकाच रेकॉर्ड-लेबलची, आणि दोन्ही समूह १९७०च्या दशकाच्या आरंभी, एक लंडनला आणि एक कोलोनला, उभे राहिलेले. कागदावर फरक शोधू गेल्यास फारसा सापडत नाही. ऐकताना मात्र तो पहिल्या मिनिटातच कळतो.

या ध्वनिमुद्रणांत दोन्ही समूहांचा प्रमुख संचालकाची काठी घेऊन उभा न राहता स्वतः वाजवतो, पण पिनॉक हार्प्सिकॉर्डवर (पियानोच्या आधीच्या, तारा छेडणाऱ्या पट्ट्यांच्या वाद्यावर) बसून समूह चालवतो आणि ग्योबेल व्हायोलिन हातात घेऊन. पुढचे बरेचसे वेगळेपण यातूनच आले असावे, असे मला वाटते. पिनॉककडे खालचे स्वर आधी ऐकू येतात आणि त्यांच्यावर वरची सुरावट निश्चिंतपणे चालते. ग्योबेलकडे गज आधी ऐकू येतो, त्याचा प्रत्येक आघात, प्रत्येक झटका, आणि बाकीच्यांना त्याच्या मागे धावावे लागते. ही धाव काही ठिकाणी अप्रतिम आहे. तीन व्हायोलिन, तीन व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या स्वराचे वाद्य) आणि तीन चेलो (त्याहून मोठे, आणखी खर्जातले) यांच्यासाठी लिहिलेल्या तिसऱ्या कॉन्चेर्टोची शेवटची मुव्हमेंट, म्हणजे शेवटचा भाग, ग्योबेल ज्या लयीत घेतो, ती लय मनुष्याच्या हाताला झेपते यावर प्रथम विश्वास बसत नाही. ती मुव्हमेंट ऐकायची असेल तेव्हा मी अजूनही ग्योबेलच लावतो, आणि त्यानंतर पिनॉक ऐकला तर तो काहीसा सभ्य वाटतो, हे मान्य केले पाहिजे.

पाचव्यात पारडे बऱ्यापैकी समतोल आहे. पहिल्या मुव्हमेंटच्या शेवटी हार्प्सिकॉर्डला एकट्याने वाजवायची ६५ मात्राखंडांची जी लांबलचक जागा बाखने दिली आहे, ती पिनॉक स्वतः वाजवतो आणि चढवत नेताना घाई करत नाही. ग्योबेलच्या संचात याच जागेची चमक अधिक आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या कॉन्चेर्टोवरून निवड ठरावी, असे मला तरी कधी वाटले नाही.

माझी निवड ठरली ती सहाव्यावरून, आणि तीही त्याच्या पहिल्याच मुव्हमेंटवरून. या कॉन्चेर्टोत व्हायोलिन नाहीतच. वर दोन व्हायोला, खाली दोन व्हायोला द गांबा (गुडघ्यांत धरून वाजवायचे जुने गजवाद्य), चेलो, व्हायोलोन (खर्जाचे मोठे गजवाद्य) आणि हार्प्सिकॉर्ड, असा हा सगळा काळसर, मध्यसप्तकात वावरणारा मेळ आहे. पहिला व्हायोला जे वाजवतो तेच दुसरा व्हायोला, त्याच स्वरात, अवघ्या अर्ध्या ठोक्याच्याही आत मागून वाजवत येतो. ख्यालाला साथ करणारा सारंगीवाला गायकाने घेतलेली जागा तिचा सूर विरण्यापूर्वीच उचलतो, तसेच काहीसे हे आहे, आणि मुव्हमेंटचे सारे सौंदर्य या किंचित उशिरात साठवलेले आहे. ग्योबेलच्या लयीत हा उशीर इतका आखडतो की मला दोन व्हायोला ऐकू येत नाहीत. एकच, थोडा पुसट झालेला व्हायोला ऐकू येतो. वादक चुकतात असे मुळीच नाही, उलट त्यांची तयारी थक्क करणारी आहे. पण मागचा आवाज पुढच्याला कुठे गाठतो ते कानाला पकडता येत नाही, आणि एकदा ही गोष्ट लक्षात आली की पुढच्या प्रत्येक वेळी कान तिथेच जाऊन अडखळतो. बाखला मेळात व्हायोला वाजवायला आवडत असे, असे त्याच्या मुलाने, कार्ल फिलिप इमान्युएलने, लिहून ठेवले आहे. या दोन स्वरपंक्तींच्या मधोमध बसून ऐकण्याचे सुख त्याला हवे असणार, असा माझा आपला तर्क आहे.

ग्योबेलच्या बाजूनेही बोलता येते. या मुव्हमेंटचे मात्राचिन्ह एका खंडात दोनच ठोके मोजायला सांगते, तेव्हा ती रेंगाळत वाजवण्याची जी सवय पूर्वीच्या मोठ्या वाद्यवृंदांना लागली होती, तिला त्याने दिलेले उत्तर म्हणून ही लय समजून घेता येईल. शिवाय हेडफोनवर दोन्ही व्हायोला बरेच सुटे होतात. मी मात्र बहुतेक वेळा खोलीत, स्पीकरवर, पंखा चालू ठेवून ऐकतो, आणि तिथे पिनॉकचा दुसरा व्हायोला मला स्पष्ट ऐकू येतो. लयही काही संथ नाही. चालत्या पावलांची म्हणता येईल अशी आहे. पुढची संथ मुव्हमेंट, जिच्यात दोन्ही गांबा गप्प राहतात, तीही त्यामुळे अधिक उठून दिसते, कारण आधीची दाटी कानाने नीट ऐकलेली असते.

ज्यांच्याकडे आधीच एखादा शांत वळणाचा संच आहे, त्यांनी दुसरा म्हणून ग्योबेल जरूर घ्यावा. तो आजही शिळा वाटत नाही. पहिलाच आणि एकच घ्यायचा असेल, तर मी पिनॉककडे झुकेन. त्याचे ब्रांडेनबुर्ग आणि त्याच समूहाने वाजवलेले बाखचे ऑर्केस्ट्रल सुइट्स (नृत्यरचनांच्या मालिका) असा तीन सीडींचा एकत्रित संच निघालेला आहे, आणि जुन्या सीडींच्या दुकानात तो दिसला तर सुटे ब्रांडेनबुर्ग घेण्याचे काही कारण उरत नाही.